जोडव्याचं बोट

ठाण्यातल्या आमच्या लहानशा हॉस्पिटलात माझी खोली कुठली, हे पेशंटला सांगायची वॉर्डबॉयची एक ठरलेली पद्धत होती. "एक्स-रेच्या बाजूला जा. सलूनची खुर्ची दिसेल, तीच." खुर्ची खरोखरच सलूनची होती. बाजारातल्या एका केशकर्तनालयानं नव्या खुर्च्या घेतल्या तेव्हा आमच्या डॉक्टरांनी जुन्यातली एक उचलून आणली. तिची पाठ मागे जायची, पाय वर घेता यायचे आणि समोर बुटक्या स्टुलावर मी बसायची. खुर्चीत बसलेला माणूस सवयीनं समोर आरसा शोधायचा. आरसा होता, पण तो माझ्या हातात असायचा आणि मी तो त्याच्या तळव्याखाली धरायची.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नुसत्या पायांसाठी वेगळी खोली ठाण्यात दुसरीकडे कुठं असल्याचं निदान आमच्या तरी ऐकण्यात नव्हतं. डॉक्टर डायबिटीसचे. दक्षिणेतल्या एका हॉस्पिटलात त्यांनी हे काम पाहिलं आणि ते डोक्यात घेऊनच परतले. मग मला तिथं शिकायला पाठवलं. मी शिकून आले तेव्हा टाचेचा घट्टा ब्लेडनं पापुद्रा पापुद्रा करून सोलायला लागले होते, रक्ताचा एक थेंब न काढता. रुतलेलं नख सोडवता येत होतं, कुरूप मुळापासून उचलता येत होतं, पावलावरची नाडी बोटांनी शोधता येत होती. हे मला चांगलं येतं, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि सांगायला मी कधी लाजले नाही.

डोंबिवलीत घरी मात्र माझ्या या कामाचं काय करायचं ते कुणाला कळत नव्हतं. माझी नणंदही नर्स, पण बाळंतपणाच्या वॉर्डात. तिच्याबरोबर आठवड्याला पेढ्यांचे बॉक्स घरी यायचे. माझ्याकडून कुणी काय अपेक्षा करणार? कुरूप निघाल्याचे पेढे कोणी वाटतं का? शेजारच्या काकू मला एकदा जिन्यात थांबवून म्हणाल्या, "म्हणजे ते पार्लरमध्ये करतात, तसंच ना गं?" मी म्हटलं, "अगदी तसंच काकू, फक्त आमच्याकडे चुकलं तर पाय जातो." त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

पेशंटांची अडचण वेगळीच. आपल्याकडे पाय लागला की माणूस लगेच हात लावून कपाळाला नेतो. मी पाय मांडीवर घेतला की वयस्कर माणसं शरमेनं अर्धी व्हायची. दर थोड्या वेळानं खाली वाकून माझ्या खांद्याला हात लावून नमस्कार करायची, आणि माझ्या हातात उघडं ब्लेड! शेवटी मी एक नियमच केला. पाय धरताना सुरुवातीला एकदाच नमस्कार करायचा आणि मग हात खुर्चीच्या हातांवर. काही आज्यांना तेही जमायचं नाही. सुनेच्या वयाची बाई पायाशी वाकलीय म्हणजे आशीर्वाद द्यायलाच हवा असं त्यांना आतून वाटायचं. एकाच सकाळी मला इतक्या पुत्रांचे आशीर्वाद मिळायचे, की खरे झाले असते तर नणंदेचा वॉर्ड मीच भरला असता.

तर अशा त्या खोलीत ती आली. बाळकुमची कोळीण, पन्नाशीची, अंगानं भरलेली, केसात अबोलीचा गजरा आणि आवाज असा, की एक्स-रेच्या खोलीतला माणूस बाहेर येऊन बघून गेला. बाळकुम तेव्हा गाव होतं. खाडीला लागून घरं, दारात जाळी वाळत घातलेली. तिचा नवरा खाडीत होडी घालायचा आणि ती ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. रिक्षातून उतरून ती स्वतःच्या पायांनी चालत आली, उजव्या पायाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. माझ्याकडे न बघता तिनं खुर्चीकडे बघितलं.

"दाढी करणार हायस काय माजी?"

"तुम्हाला असेल तर तीही करीन," मी म्हटलं. "बसा मावशी."

ती बसली. मी चिंधी सोडली. अंगठ्याशेजारचं बोट, जोडव्याचं बोट, दुप्पट सुजलेलं होतं. चांदीचं जोडवं मांसात असं रुतलं होतं, की त्याची नुसती कड दिसत होती. खालून पू येत होता, बोटाच्या मुळाशी तळव्यावर जखम उघडली होती आणि लाली पावलाच्या मध्यापर्यंत चढली होती. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात ती जाऊन आली होती. तिथल्या सर्जननी सांगितलं होतं, पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल, नाहीतर विष अंगात जाईल. त्यांचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत जीव वाचवायचा तर तोच खात्रीचा रस्ता समजत. ती तिथून उठून आली, ती तिच्या शब्दांत सांगायचं तर "दुसरा डाक्टर काय बोलतो ते बघाया."

"हे कधी झालं?"

"झाला असंल. मना काय दुखत नाय." हे तिनं मान ताठ करून सांगितलं. "चिखलात कालवं फोडत वाढलेली हाय मी. शिंपल्याची धार लागली तरी मना काय होत नाय. आमच्या आळीत कुणालापन इचार, हिचे पाय कसे? लोखंडाचे!"

मी ड्रॉवरमधून माझी काडी काढली. आइस्क्रीमच्या चमच्यासारखी लाकडी पट्टी आणि तिच्या टोकाला नायलॉनच्या दोऱ्याचा ताठ तुकडा. पायाला स्पर्श कळतो की नाही ते त्यानं तपासायचं. परदेशात त्याचं खास साधन मिळतं, आमच्या डॉक्टरांनी मात्र बाजारातून मासे पकडायचा दोरा आणून स्वतः चिकटवला होता. तिनं तो ओळखलाच.

"ही तर तंगूस हाय गो! तंगुसानं पाय तपासतंस? मग गळपन लाव!" आणि ती खदखदून हसली.

"डोळे मिटा. टोचलं की सांगा."

तिनं डोळे मिटले. मी टाचेला टोचलं. मग कडेला, चवड्याला, अंगठ्याला, करंगळीला. सगळा तळवा पालथा घातला. ती डोळे मिटून तशीच, तोंडावर हसू.

"कर ना सुरू," ती म्हणाली. "कवाची वाट बघते मी."

"झालं मावशी."

तिनं डोळे उघडले. "खोटं बोलतंस. तू हातच लावला नाय." माझ्या हातातून काडी ओढून घेतली आणि स्वतः वाकून तळव्याला टोचली. तंगूस वाकून कमानीसारखी झाली. तिनं परत टोचली, मग दुसऱ्या पायाला, मग हाताच्या तळव्याला. हाताला लागल्यावर तिनं हात झटकन मागे घेतला. काडी मला परत दिली तेव्हा तिचं हसू गेलेलं होतं. आजवर ज्याची फुशारकी मारली तोच आजार आहे, हे कुणाला सांगायला लागू नये. पण मला ते रोज सांगावं लागायचं.

डॉक्टर आले. त्यांनी पाय बघितला, मग मी पावलावर बोटं ठेवली, मग त्यांनी. नाडी लागत होती. मऊ नाही, ठोठावणारी. हे आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं होतं. नसा मेल्या होत्या, पण रक्त येत होतं, आणि रक्त येतंय तिथं जखम भरू शकते. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "प्रयत्न करू या." मग तिला म्हणाले, "ॲडमिट व्हा. इन्सुलिन सुरू करू. पण आत्ताच्या आत्ता ते जोडवं कापायचं. बोट मोकळं झालं नाही तर पुढचं काहीच जमणार नाही."

तिनं पाय ओढून लुगड्याखाली घेतला.

"जोडवा नाय निघणार."

"निघेल, मी कापून काढते," मी म्हटलं.

"मी बोलते काय, ऐकू येतंय ना? निघणार नाय! माजा नवरा खाडीत हाय. भरतीबरोबर येल. तो पान्यावर असताना मी जोडवा उतरवू? कुनाच्या घरची रीत हाय ही?"

डॉक्टर भला माणूस, पण त्या वेळी ते जे बोलले ते त्यांनी बोलायला नको होतं. "अहो मावशी, चांदीचा तुकडा आहे तो." झालं. ती खुर्चीतून उठायलाच लागली. सुजलेलं पाऊल जमिनीवर टेकवून, अख्खा भार टाकून, जणू काही झालंच नाही. मी आडवी आले. मी रागीट आहे, आजही आहे, आणि माझ्यासमोर कुणी वाचणारा पाय घेऊन निघालं की माझं डोकं फिरतं.

"जा मग! कापून घ्या! जोडवं राहील, बोट राहणार नाही, पाय राहणार नाही. कशात घालणार जोडवं?"

"माजं मी बघीन. तू तुजं बघ, वाकडतोंडी!"

मी बाहेर पॅसेजमध्ये आले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. तिचं चुकत नव्हतं, तिथंच खरी पंचाईत होती. माझा नवरा पाण्यावर असता तर मी उतरवलं असतं का? आई मंगळसूत्र गाठवायला पटवेकऱ्याकडे न्यायची, तेव्हा तो आधी तिच्या गळ्याकडे बघायचा. गळ्यात हळकुंड बांधलेला दोरा असला तरच मंगळसूत्र हातात घ्यायचा. गळा क्षणभरही ओका नको. तेच मनात आलं आणि मी तशीच खाली कँटीनमध्ये गेले. कँटीनच्या बाईकडे हळकुंड मागितलं. तिला वाटलं कुणाला खोकला झालाय.

वर येऊन मी निर्जंतुक गॉजच्या पट्टीतून सूत ओढलं, त्याचे पदर वळले, हळदीत भिजवले आणि हळकुंडाचा बारका तुकडा त्यात बांधला. तोपर्यंत ती खुर्चीच्या कडेला टेकून, तोंड दाराकडे करून बसली होती. डॉक्टर खिडकीशी.

"मावशी, जोडवं उतरवायचं नाही," मी म्हटलं. "बदलायचं. पूर्वी अंगठ्यात अनवट घालायच्या ना बायका? आधी हे अंगठ्यात बांधते. मग ते कापते. पाय रिकामा राहणार नाही."

तिनं दोऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे, वरपासून खालपर्यंत.

"तू सवाष्ण हायस?"

मंगळसूत्र ड्यूटीवर युनिफॉर्मच्या आत पिन लावून ठेवायचं असायचं. मी पिन काढली आणि बाहेर काढून दाखवलं.

"पोरंबाळं?"

"एक मुलगी."

तिनं कमरेच्या बटव्यातून कुंकवाची डबी काढली. माझ्या कपाळाला लावलं, मग स्वतःच्या. मग पाय उचलून, पहिल्यांदा आपणहून, माझ्या मांडीवर ठेवला.

"बांध."

मी अंगठ्याला दोरा बांधला, माझ्या करंगळीचं टोक आत जाईल इतका सैल. दोऱ्याचा काच पडला असता तर तोही तिला कळला नसता. ती पुटपुटत गावदेवीचं नाव घेत होती. बाजारातल्या सोनाराकडून आणलेली बारीक कात्री आमच्या स्टरलायझरमध्ये नेहमी असायची. जोडव्याखाली पातळ पट्टी सरकवून मी कात्रीचं टोक आत घातलं आणि दाबलं. चांदी सुटली. मग जे बाहेर आलं त्यानं सारी खोली वासानं भरली. डॉक्टर पुढे आले आणि आम्ही दोघांनी ते बोट, ती जखम, सगळं मोकळं करून धुतलं. तिनं एकदाही पाय हलवला नाही. तिला दुखत नव्हतं म्हणून, हे मला ठाऊक होतं. जोडव्याचे दोन तुकडे मी धुवून गॉजमध्ये गुंडाळले आणि तिच्या हातात दिले. तिनं मूठ मिटली ती संध्याकाळपर्यंत उघडली नाही.

भरतीनंतर नवरा आला. घरी निरोप मिळाल्यावर कपडे न बदलता, खाडीच्या वासासकट. बुटका, वाळका माणूस. तिच्यापुढे निम्मा दिसायचा. तो कॉटपाशी पोचायच्या आत तिनं पाय चादरीखाली लपवला आणि बोलायला सुरुवात केली.

"उतरवला नाय हां. बदलला. ही बाय सवाष्ण हाय, तिनं बांधला."

त्यानं चादर उचलली. अंगठ्याचा पिवळा दोरा बघितला, मग बँडेज. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"मी उभा हाय ना तुज्याम्होरं?" तो म्हणाला. "माजं काय बघतंस? पाय बघ."

मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "बाय, पाय र्‍हाईल?"

नर्सनं असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. डॉक्टरांना विचारा म्हणायचं असतं. मी म्हटलं, "राहील."

तो शब्द निभवायला मला किती दिवस लागले ते मी मोजले नाहीत. रोज सकाळी साडी बदलून युनिफॉर्म घातला की आधी तिची कॉट. ड्रेसिंग सोडायचं, वास घ्यायचा, मेलेली कातडी कापायची, धुवायचं, भरायचं. शुगर खाली यायला लागली तसा वास कमी झाला. बोटाचं टोक थोडं काळं पडलं आणि गेलं, पण बोट राहिलं. ती घरी गेली आणि ड्रेसिंगला यायला लागली. चांगलं चाललं होतं. मग एक दिवस पट्टी सोडली तर आतून बांगड्याचा वास. पट्टी खालून ओली, आणि तिला एक चांदीसारखं खवलं चिकटलेलं.

"बाजारात गेला होतात?"

"गेलेली. पन बसूनच व्हते, शपथ."

"बाजारात उडत गेलात का मग?"

"तू कशी गो अशी खवट? गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल माजं!"

"जाऊ दे. गिऱ्हाईक परत येईल. पाय येणार नाही."

जखम परत उघडली होती. डॉक्टरांनी गुडघ्याच्या खालपर्यंत प्लास्टर घातलं, म्हणजे भार जखमेवर पडणार नाही आणि तिला पट्टीही भिजवता येणार नाही. ती मला म्हणाली, "तूच सांगितलंस डाक्टरला." सांगितलंच होतं. ती माझ्याशी बोलेनाशी झाली, पण येताना न चुकता सुकवलेल्या कोळंबीचे सोडे घेऊन यायची आणि टेबलावर ठेवायची.

पुढे एका प्लास्टरनंतर जखमेच्या तळाशी लाल, दाणेदार मांस दिसलं, डाळिंब सोलल्यासारखं. मग कडेनं नवी, गुलाबी कातडी आत सरकायला लागली. आणि एका दुपारी मी पट्टी काढली तर खाली जखम नव्हती. मी डॉक्टरांना बोलावलं. ते वाकले, बोटानं दाबून बघितलं, "छान" म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. त्यांची तीच पद्धत. ती आरशात आपला तळवा बघत बसली. मी माझ्या स्टुलावर बसले आणि मला सरळ सांगायचं आहे, मला प्रचंड अभिमान वाटला. कुणी मेडल दिलं असतं तर मी ते घेतलं असतं आणि गळ्यात घालून डोंबिवलीला गेले असते. घरी जेवताना मी सगळी हकीकत सांगितली, दोनदा. नणंद ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आमच्याकडे नऊ महिन्यांत निकाल लागतो बाई. तुझ्याकडे भलताच उशीर." पण तिनं स्वतःच्या बॉक्समधला एक पेढा माझ्या ताटात टाकला.

पाय वाचवणं एक आणि तो टिकवणं दुसरं. यापुढे अनवाणी चालायचं नाही, हे तिला सांगितलं तेव्हा तिनं मान डोलावली. मऊ काळ्या रबराच्या चपला दाखवल्या तेव्हा मात्र तिनं तोंड फिरवलं. असल्या चपला तेव्हा महारोग्यांच्या दवाखान्यात मिळायच्या आणि लोक त्या लांबून ओळखायचे. मी चांभाराकडून त्यावर डाळिंबी पट्टा आणि पितळी बक्कल लावून घेतलं. मग तिनं पाय घातला. पण खरी लढाई पुढेच होती.

"घरातपन घालायच्या."

"घरात? चुलीम्होरं? देवाम्होरं? डोकं फिरलंय तुजं."

"एक जोड घरातला. तो उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही. रोज धुवायचा. हळदीचा हात लावा हवं तर. पण घालायचा. जमिनीवर सुई पडली असली तर तुम्हाला कळणार आहे का?"

तिनं तो जोडही पिशवीत टाकला. नवऱ्यानं तिच्यासाठी चांदीचं अनवट करून घेतलं होतं, जाड, सैल, अंगठ्यात फिरणारं. जोडव्याच्या बोटात पुन्हा काही घालायचं नाही हे त्यानंच तिला बजावलं, माझ्यासमोर.

पुढच्या लग्नसराईत तिच्या मुलीचं लग्न निघालं आणि हळदीला मी बाळकुमला गेले. अंगणभर मांडव, बांबूंना कागदी पताका, कोपऱ्यात बेंजोवाले. मधोमध सारवलेल्या जागेवर तांदळाचा चौक मांडलेला आणि त्यावर पाट. मी माझी एकुलती एक चांगली रेशमी साडी नेसले होते. मांडवाच्या कडेला चपला काढल्या, सगळ्यांनी काढल्या होत्या तिथंच. आणि ती घरातून हळदीचं ताट घेऊन बाहेर आली ती डाळिंबी पट्ट्याच्या चपला घालून, सारवणावरून, थेट चौकापर्यंत.

मांडवातल्या बायकांची कुजबूज थांबली. नवऱ्या मुलाची आई पुढेच बसली होती. खाडीपलीकडच्या गावची, अंगावर भरपूर सोनं, नुकतीच नाचून दमलेली, पदरानं वारा घेत होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चौकावर चपला? आमच्यात नाय चालत, विहीणबाय. अपशकून कशाला करतंस पोरीला?"

बेंजोवालाही थांबला. पाटावर बसलेल्या मुलीनं मान खाली घातली. मला वाटलं, आता ही काढणार. मुलीच्या सासूनं चार लोकांत बोललेलं कोणती आई मोडेल? मी जागेवरून अर्धी उठले. माझ्याच्यानं बघवत नव्हतं.

तिनं ताट खाली ठेवलं. कुणीतरी बसायला दिलेली लोखंडी खुर्ची ओढली, तिच्यावर बसली, उजव्या पायातली चप्पल काढली आणि पाय आडवा करून तळवा सगळ्या मांडवाला दाखवला. मध्ये गुलाबी वण, आणि शेंडा गेलेलं ते बोट.

"हा पाय कापाया सांगितलेला," ती म्हणाली. त्या आवाजाला माइकची गरज नव्हती. "हितून. मोठ्या डाक्टरनं. शिंपल्यानं कापलं, मना कळलं नाय. जोडव्याखाली सडलं, मना कळलं नाय. आज मी पोरीच्या हळदीला दोन पायांवर उभी हाय, ती या चपलांनी. कुनाला अपशकून वाटतो त्यानं बोलावं, मी काढते."

मग तिनं मला हाक मारली. "ये गो हिकडं, वाकडतोंडी!" मी गेले. तिनं माझा हात धरून मला चौकाशेजारी उभं केलं. "हिनं माजा पाय मांडीवर घेऊन राखला. आधी हिला हळद लावा."

आणि बाळकुमच्या बायकांनी मला हळद लावली. गालाला, हातांना, साडीला. तिचा नवरा मांडवाच्या खांबाशी उभा होता. त्यानं बेंजोवाल्याकडे बघून बोट हलवलं. वाजायला लागलं. ती चपला घालून नाचली, हळू, उजवा पाय जपून, आणि तिच्याभोवती सगळ्या आळीनं फेर धरला. मुलीची सासूही उठली. तिला ओढून नेलं म्हणा, किंवा तिच्यानं राहवलं नाही म्हणा. अनवाणी, जोरात, टाचा आपटून नाचली ती.

मी ताट घेऊन मागच्या बाजूला बसले होते. कोळंबीचा रस्सा होता आणि मी मनापासून जेवत होते. थोड्या वेळानं ती सासूबाई माझ्याशेजारी येऊन टेकली. घामाघूम. इकडंतिकडं बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं.

"माजापन बघशील काय पाय?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "मना शुगर हाय. दुखत काय नाय, पन तरीपन."

मी ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि तिचा पाय उचलून रेशमी साडीवरच मांडीवर घेतला. ती लाजून खांद्याला हात लावायला लागली तर म्हटलं, असू दे. मांडवाच्या दिव्याकडे तळवा वळवला. टाचेत, मांसाशी सपाट झालेलं, पितळेचं चकाकणारं वर्तुळ होतं. पताका लावायची ड्रॉइंग पिन, मुळापर्यंत गेलेली, आणि तिच्याभोवती नाचून नाचून मळलेलं रक्त.

"आई, हे कधी रुतलं?"

"काय गो?" तिनं विचारलं.

तिचा पाय मी खाली ठेवू दिला नाही.